रक्ताच्या अहवालात न मावणारा धोका

मधुमेह रक्त तपासून कळतो, हृदयाला इजा झाली आहे का हे ट्रोपोनिनवरून काही तासांत समजतं. मग तीव्र नैराश्याचा, द्विध्रुवीय विकाराचा किंवा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आपल्या जिवाचं बरंवाईट करील का, हे सांगणारी तपासणी का नसावी? ज्या घराने आपलं माणूस असं गमावलं, त्या घरातून हा प्रश्न वर्षानुवर्षं जात नाही. ‘आदल्या दिवशीपर्यंत तर नीट बोलत होता’ या वाक्याच्या पोटात तोच असतो. मनोविकारतज्ज्ञही त्यातून सुटलेले नाहीत. या प्रश्नामागचं दुःख ओळखूनही मला म्हणायचं आहे, की अशा तपासणीवर आशा ठेवून बसणं आपल्याला महागात पडेल.

संशोधन भक्कम आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. १९७६ साली स्टॉकहोममध्ये मारी ऑस्बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ६८ रुग्णांच्या पाठीतलं पाणी तपासलं. मेंदूत सेरोटोनिनचं विघटन झाल्यावर जो पदार्थ उरतो, तो काही रुग्णांत ठळकपणे कमी होता. आत्महत्येचे प्रयत्न, त्यातही हिंसक प्रयत्न, याच गटात जास्त आढळले. पुढे हीच कमतरता आवेगाच्या आणि रागाच्या भरात टोकाला जाणाऱ्या इतर माणसांतही दिसली. दुसरा धागा कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा. डेक्सामेथासोनची गोळी दिली की निरोगी शरीर कॉर्टिसॉल बनवणं आवरतं घेतं. नैराश्याच्या काही रुग्णांत ते आवरलं जात नाही. अमेरिकेत कॉरिएल आणि श्लेसर यांनी तीव्र नैराश्यासाठी दाखल झालेल्या ७८ जणांचा पंधरा वर्षं माग ठेवला. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं कॉर्टिसॉल आवरलं नव्हतं त्यांच्यात आत्महत्येचा अंदाजित धोका २६.८ टक्के निघाला, बाकीच्यांत २.९ टक्के. आत्महत्येला मनाचा दुबळेपणा म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

तरीही नऊपट धोका असलेल्या गटातले बहुसंख्य लोक आत्महत्या करत नाहीत, आणि कमी धोक्याच्या गटातले काही करतात. इथे गणित आडवं येतं. समजा, एक हजार रुग्णांपैकी पाच जण येत्या वर्षात आपलं आयुष्य संपवणार आहेत. आपल्या हातात एक उत्तम तपासणी आहे: धोका असलेल्या शंभरातल्या ऐंशींना ती पकडते आणि धोका नसलेल्या शंभरातल्या ऐंशींना बरोबर सोडते. ती पाचांपैकी चौघांना पकडेल, एकाला निर्धास्तपणे घरी पाठवेल आणि त्या चौघांबरोबर आणखी १९९ जणांवर शिक्का मारेल. शिक्का बसलेल्या साधारण पन्नासांतला एकच खरोखर त्या वाटेवर असेल. तो कोणता, हे तपासणीला माहीत नाही. घटना जितकी विरळ, तितका हा घोळ मोठा. त्यावर प्रयोगशाळेत तोडगा नाही.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. ह्यूस्टनमध्ये अ‍ॅलेक्स पोकोर्नी यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या ४८०० मनोरुग्णांची तपशीलवार माहिती गोळा केली आणि पुढची काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. १९८३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ६७ जणांनी आत्महत्या केली होती. सगळे घटक एकत्र करून मांडलेल्या हिशेबाने त्यांतले ३५ ओळखले, पण त्यासाठी १२०६ जणांना विनाकारण धोकादायक ठरवलं. उरलेले ३२ जण हिशेबातून निसटले. २०१७ मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले. अंदाजाची अचूकता नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी निघाली, आणि इतक्या दशकांत ती सुधारलेलीही नव्हती.

मला यापेक्षाही मूलभूत वाटणारी गोष्ट वेगळी आहे. शरीरातल्या बऱ्याचशा खुणा संथ असतात; माणूस ज्या अवस्थेत जीव द्यायला निघतो ती झपाट्याने चढते आणि बऱ्याचदा उतरतेही. सावकाराचा तगादा, दारू, भांडण, बंद झालेलं औषध, रुग्णालयातून घरी आल्यावरचं एकटेपण, यांतलं काय कोणत्या संध्याकाळी एकत्र येईल हे सोमवारी काढलेल्या रक्ताला कसं कळणार?

आणि समजा अशी तपासणी आली, तर तिचा अहवाल कोणाकोणाच्या हातात पडेल? विमा कंपनी, नोकरी देणारे, स्थळ बघायला आलेली मंडळी. मानसिक आजाराची चिठ्ठी लपवून ठेवणाऱ्या आपल्या समाजात ‘जास्त धोका’ हा शेरा त्या १९९ जणांना आयुष्यभर पुरेल. ‘कमी धोका’ हा शेरा तर मला त्याहून भयंकर वाटतो, कारण तो वाचून घरचे आणि डॉक्टर दोघेही निश्चिंत होतील. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं, की धोक्याचं मोजमाप करणाऱ्या प्रश्नावल्या वापरून पुढच्या आत्महत्येचं भाकीत करू नये आणि कोणाला उपचार द्यायचे हेही त्यावरून ठरवू नये.

म्हणून जीवशास्त्र बाजूला टाकायचं का? मुळीच नाही. लिथियमने मनोभावांच्या विकारात आत्महत्येचा धोका कमी होतो, असं अनेक अभ्यास सांगतात. स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळच्या विकारातल्या ९८० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, क्लोझापीन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न ओलान्झापीन घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. लिथियम आणि क्लोझापीन या दोन्ही औषधांसाठी नियमित रक्त तपासावं लागतं. या तपासणीने धोका कळत नाही, पण जीव वाचवणारं औषध सुरक्षितपणे चालू ठेवता येतं. तालुक्याच्या ठिकाणी ती स्वस्तात आणि वेळेवर व्हावी, ही मागणी मला कोणत्याही नव्या जैविक खुणेच्या शोधाहून निकडीची वाटते.

कारण भाकिताशिवायही माणसं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १८६७ जणांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर मोकळेपणी बोललं गेलं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस झाली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात २.२ टक्के आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. कोणाला जास्त धोका आहे हे आधी शोधत बसण्याची गरज पडली नाही. विचारपूस गटातल्या सगळ्यांचीच झाली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारलं तर तो विचार मनात शिरेल, ही भीती निराधार आहे; विचारलेलं माणूस बहुतेक वेळा हलकंच होतं.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच वर्षी सुरू झाला. तो चोवीस तास चालतो, पण तिथे फोन रुग्णाने किंवा घरच्यांनी करायचा असतो. मनोरुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्या दिवसांत फोन रुग्णालयाकडून यायला हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तणावग्रस्त व्यक्तीची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालय यांनी दरवर्षी एक आकडा जाहीर करावा: सुटी मिळालेल्या आणि प्रयत्नातून वाचलेल्या किती जणांशी आठवड्याच्या आत कोणीतरी बोललं.