अडल्याचा भाव करू नये

सज्जनहो, बाजारात भाव करणे हा काही अधर्म नव्हे. विकणाऱ्याने थोडे चढवून सांगावे, घेणाऱ्याने थोडे उतरवून मागावे आणि मध्ये कुठेतरी दोघांचे मन बसावे, ही व्यवहाराची रीतच आहे.

पण जुन्या वस्तूची गोष्ट निराळी. नव्या वस्तूला दुकानाचा भाव तरी असतो. जुनीला तोही आधार नाही. समजा, एखाद्या घरातला पखवाजी निवर्तला आणि बाईने पखवाज विकायला काढला. खोड तडकले आहे काय, पुडी बदलावी लागेल काय, वादी नवी घालावी लागेल काय, हे पाहून भाव उतरवा. ती रास्त घासाघीस. पण हजारांच्या पखवाजाला शंभर मागणारा पखवाज पाहतच नाही. तो बाईची अडचण पाहतो. याला भाव करणे म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

कोणी म्हणेल, "अहो बुवा, मी कुठे जबरदस्ती केली? तिने राजीखुशीने दिला!" बरे, कायदा पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २५ व्या कलमात दाखलाच दिला आहे. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना द्यायचे ठरले आणि संमती मोकळ्या मनाने दिलेली असली, तर करार पक्का. पण लगेच पुढचा दाखला वाचा. विकणारा म्हणाला, "माझी संमती मोकळी नव्हती," तर न्यायालयाने ती अपुरी किंमतही विचारात घ्यावी. म्हणजे फार थोडी किंमत स्वतःच संशय उत्पन्न करते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात क्रयविक्रयानुशय नावाचा विषय आहे. अनुशय म्हणजे मागाहून होणारा पश्चात्ताप. तो झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत देता-घेता येते. ही सवलत घेणाऱ्याला आहे, तशीच विकणाऱ्यालाही आहे बरे! तोंड आधी हो म्हणते, मन मागून येते, हे शास्त्राने ओळखले होते.

मग गरिबाने काय करावे? खिशात खरोखरच शंभर असतील तर तसे सरळ सांगावे, "माऊली, माझ्यापाशी एवढेच आहेत." ही विनंती झाली. वस्तूला खोटी नावे ठेवू नयेत. नाही म्हटले तर रामकृष्णहरी म्हणून निघावे. आणि एकदा ठरलेला भाव वस्तू उचलताना मोडू नये. विकणाऱ्यालाही हाच नियम. घेणाऱ्याची नड पाहून त्यानेही भाव फुगवू नये.

घरी आल्यावर आपण मोठ्या ऐटीत सांगतो, "केवढ्याला पटकावला, पाहा!" तेच वाक्य ती बाई दारात उभी असताना बोलवेल काय? बोलवत असेल तर सौदा चोख. नसेल तर दहा दिवस अजून गेलेले नाहीत. उरलेले पैसे नेऊन द्या. उद्या त्याच पखवाजावर भजनाला ठेका धरायचा आहे.