हसण्यातली संमती

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतील पहाटेचे रूप बदलले आहे. पूर्वी त्या वेळी रस्त्यावर दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा आणि कानटोपी घातलेले दोन-चार पेन्शनर एवढीच मंडळी दिसत. आता त्यांच्यात हौसेने धावणाऱ्यांची भर पडली आहे. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे हा छंद गावोगावी पसरत गेला. या मंडळींत बँकेतला अधिकारी असतो, दातांचा डॉक्टर असतो, किराणा दुकानदार असतो, मुलांचे डबे भरून आलेली गृहिणी असते आणि नातवंडे झालेल्या आजीही असतात. यांतल्या बहुतेकांना बक्षीस कधीच मिळायचे नसते. ४२ किलोमीटर १९५ मीटर धावून शेवटी गळ्यात पडते ते सर्वांना सारखेच मिळणारे पदक.

जेथे पैसा नाही आणि पदोन्नती नाही, तेथे माणसे एकमेकांशी कशी बोलतात हे ऐकण्यासारखे असते. बरेचसे बोलणे प्रेमाचेच असते. पण त्यातच काही वाक्ये ठरल्यासारखी येतात. "अरे, त्या बाईंनी गाठलं की तुला! बांगड्या भर आता." "मुलीसारखा काय धावतोस?" "आज वहिनी पुढे आहेत, म्हणून साहेबांचा वेग वाढलाय." एखादी स्त्री चार किलोमीटर आधी थांबली की, "स्वयंपाक राहिला असेल." अमेरिकेतल्या हौशी धावणाऱ्यांनी तर यासाठी एक क्रियापदच घडवले. स्त्री पुढे निघून गेली की मागे पडलेला पुरुष 'चिक्ड' झाला असे ते म्हणत. 'चिक' म्हणजे कोंबडीचे पिल्लू. त्यांच्या बोलीत तरुण पोरगी. म्हणजे आपल्याकडे बांगडी आणि त्यांच्याकडे पिल्लू, एवढाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणेल, "ही तर थट्टा! बायकासुद्धा हसतात. मग तुमच्या पोटात का दुखावे?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. थट्टेवाचून सोबत अळणी होते. तिसाव्या किलोमीटरला पाय दगडासारखे झाले असताना शेजारच्याने केलेला एखादा विनोद माणसाला पुढचे दोन किलोमीटर नेतो. कोणाच्या ढेरीवर, कोणाच्या उशिरा उठण्यावर, कोणाच्या नव्या महाग बुटांवर विनोद व्हावेतच. मग ढेरीवरचा विनोद चालतो आणि बांगड्यांवरचा का चालू नये?

मला वाटते, याची एक सोपी परीक्षा आहे. विनोद उलटा करून पाहावा. ढेरीवाला उद्या टक्कलवाल्यावर उलटू शकतो, हिशेब फिटतो. पण "मुलीसारखा धावतोस" हे उलटे केले तर काय होते? "पुरुषासारखी धावतेस" असे एखादीला म्हटले, तर ती शाबासकी होते! म्हणजे एका बाजूचे नाव शिवी म्हणून वापरायचे आणि दुसऱ्या बाजूचे गौरव म्हणून. तिच्यापाशी परत फेकायला काही उरतच नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा त्यांनी हीच परीक्षा लावली होती. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून तो पुरुषांत किती आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. ते पुस्तक वाचताना आजही हसू येते. फक्त ते दुसऱ्या बाजूने येते.

आता जी बाई पुढे गेली तिच्याकडे पाहू. चेष्टा चालली आहे दोन पुरुषांत; तिच्याशी कोणी बोललेलेही नाही. ती कदाचित चारला उठली असेल, कणीक मळून ठेवून आली असेल, सहा महिने नेमाने सराव करत असेल. आज तिने आपल्यापेक्षा जोरात धावणाऱ्या एका माणसाला मागे टाकले. पण तिचे हे यश तिच्या नावावर जमा न होता त्या माणसाच्या नामुष्कीच्या खात्यात जमा झाले. ती धावणारी राहिली नाही, दुसऱ्याची लाज मोजण्याचे माप झाली. या विनोदात अपमान आहे तो इथे.

शिवाय त्या नामुष्कीला गणिताचा आधारही नाही. २०२३ साली केल्विन किप्टमने पुरुषांचा जागतिक उच्चांक २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांवर आणला. त्याच वर्षी टिगस्ट असेफाने स्त्रियांचा २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांवर. शिखरावरचे हे अंतर नऊ-दहा टक्क्यांचे. पण हौशी माणसे साडेतीन तासांपासून सहा तासांपर्यंत पसरलेली असतात. अशा गर्दीत शेकडो स्त्रिया शेकडो पुरुषांच्या पुढे असणारच. त्यात नवल नाही आणि लाज तर नाहीच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील १४ मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार धावणाऱ्यांच्या वेळा तपासल्या होत्या. शर्यतीच्या उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावला, स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. याचे कारण शरीरात किती आणि स्वभावात किती, हा तज्ज्ञांचा विषय. पण "बाईने गाठले" हे ऐकून ईर्षेने धावत सुटलेला गृहस्थ बत्तिसाव्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना थोडासा अंदाज येईल.

बोलणे बोलण्यापाशी थांबत नाही, हे धावण्याच्या इतिहासातच दिसते. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या आणि नऊही पोहोचल्या; जर्मनीच्या लिना राड्केने जागतिक विक्रम केला. पण वृत्तपत्रांनी रंगवले ते थकून पडलेल्या बायकांचे चित्र. शर्यत संपल्यावर पुरुषही गवतावर आडवे होतात, हे कोणाला आठवले नाही. "बायकांना झेपणार नाही" या बोलण्याचा नियम झाला आणि ती शर्यत ऑलिंपिकमध्ये परत यायला १९६० साल उजाडावे लागले. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर २६१ क्रमांक लावून धावत होती, तेव्हा एक अधिकारी तो क्रमांक ओरबाडायला रस्त्यात धावला. तेथे स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली. आणि नियम बदलले म्हणजे बोलणे बदलतेच असे नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझपदक मिळवले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. ज्या महाराष्ट्रात हे घडले, तेथेच "मुलीसारखा धावतोस" हे हिणवणे म्हणून अजून खपते!

राहिला तो मुख्य मुद्दा: बायकाही हसतात. खरेच हसतात. काही तर हौसेने तो शब्द छातीवर छापून मिरवतात, "घे, झालास चिक्ड!" म्हणून. त्यांच्या खेळकरपणाचे कौतुकच करावे. पण पहाटे पाचला अंधारात एकट्याने धावणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर काय काय ऐकावे लागते, ते कोणत्याही घरातल्या मुलीला विचारून पाहावे. मोटारसायकल हळू होते, एखादा शब्द येतो, शीळ येते. म्हणून ती घोळक्यात येते. घोळका हा तिचा आसरा असतो. तेथे तोच शब्द जरा सौम्य होऊन, ओळखीच्या माणसाच्या तोंडून येतो. आता तिने काय करावे? हसली नाही, तर "यांना विनोद कळत नाही" असे म्हटले जाणार. उद्यापासून तिच्याशी जपून बोलणार, परवा तिला निरोप द्यायचे विसरणार. मग धावायचे तर पुन्हा अंधारात एकट्याने. ती हसते. ते हसू म्हणजे सोबतीचे भाडे असते. ज्याला नाही म्हणण्याची किंमत इतकी आहे, त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल काय? मला तसे म्हणवत नाही.

हे बोलणे रस्त्यावर जन्मत नाही, हेही दिवाळीच्या घरगुती वातावरणात सांगायला हवे. फटाक्याला घाबरणाऱ्या मुलाला "मुलीसारखा काय घाबरतोस?" असे म्हणणारे काका आपल्याच घरी असतात, आत्याही असतात. शेजारी उभी राहून फुलबाजी धरणारी त्याची बहीण ते ऐकत असते. तिला कोणी काही बोललेले नसते. पण भित्रेपणाला आपलेच नाव आहे, हे तिला त्या दिवशी कळते. आणि त्या मुलाला कळते की भीती वाटली तरी सांगायची नाही.

यावर उपाय म्हणून नियमांची पाटी लावावी असे मला वाटत नाही. पाटीने माणसे गप्प होतील, शहाणी होणार नाहीत. उपाय तिसऱ्या माणसाच्या हाती आहे. विनोद करणारा एक, ज्याच्यावर होतो तो दुसरा, आणि ऐकणारे बाकीचे. बाकीचे हसले नाहीत तर तो विनोद तेथेच विरतो. न हसण्याची किंमत त्या बाईला जितकी मोजावी लागते, तितकी या तिसऱ्याला मोजावी लागत नाही. म्हणून ते काम त्याचे. भांडण नको, उपदेश नको. "तुला बाईने गाठले" असे कोणी म्हणाले, तर धावता धावता एवढेच म्हणावे, "त्या छान धावतात. रोज येतात." मग दम असेल तर त्यांच्या बरोबरीने धावावे, नसेल तर आपल्या चालीने मागून यावे.