सोबतीचा धर्म

अलीकडे आपल्या मंडळींत एक नवी चाल पडू लागली आहे. नोकरीतून मोकळे झालेले, घरदार मुलांच्या हाती सोपविलेले गृहस्थ दोन-दोन, चार-चार महिन्यांसाठी आशिया खंडातील दूरदूरच्या देशांत हिंडावयास जातात. बरोबर पत्नी असते, एखादी बहीण, मेहुणा, दोन जुने स्नेही, आणि सुटी असली तर नातवंडेही असतात. आठ दिवसांत पाच देश उरकावयाचे, असा हा प्रवास नव्हे. एका गावी दहा-पंधरा दिवस बिऱ्हाड करावे, बाजारातून भाजी आणावी, सकाळ-संध्याकाळ पायी हिंडावे, मन भरले म्हणजे पुढच्या गावी निघावे, असा त्यांचा क्रम. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, जपान, जेथे पाय नेतील तेथे.

यावर आपल्यांतील कित्येकांची शंका अशी की, हे तीर्थाटन म्हणावे की नुसती चैन? यात परमार्थाला काही जागा आहे काय? शंका रास्त आहे, म्हणून तिचा थोडा विचार करू.

पहिला पक्ष म्हणतो, "देव घरी आहे, हृदयात आहे, मग देशोदेशी वणवण कशाला?" याला उत्तर सोपे आहे. देव घरी आहे हे जाणणारे आपले संतच तीर्थांना गेले. ज्ञानेश्वर माउली आणि नामदेवराय बरोबरीने तीर्थे हिंडले, त्याचे वर्णन नामदेवांच्या तीर्थावळीत आहे. पंढरी सोडून जाणे नामदेवरायांच्या जिवावर आले होते, तरी माउलींच्या संगतीसाठी ते निघाले. म्हणजे हिंडणे हा दोष नव्हे.

दुसरा पक्ष अधिक खोल आहे. तो म्हणतो, "बाबा रे, जायचे तर एकटा जा. बायको, बहीण, मित्र बरोबर घेतलेस म्हणजे घरच पाठीवर घेतलेस. यात कसले आले वैराग्य?" हे ऐकावयास बरे वाटते. परंतु एकट्याला वाटेत कोणासाठी थांबावे लागत नाही, कोणाचे ऐकावे लागत नाही, ही सोय वैराग्याच्या नावावर खपून जाते, याकडे त्याचे लक्ष नाही. आम्हांस असे वाटते की, लांबच्या प्रवासाची खरी परीक्षा सोबतीतच होते. संथ चालावयाचे ते कोणासाठी, एवढा एक प्रश्न विचारला म्हणजे चैन कोणती आणि साधन कोणते हे कळून येते.

संथपणा दोन प्रकारचा असतो. लाओस देशात ह्वायसाय गावाहून लुआंग प्रबांगला मेकाँग नदीतून लाकडी नाव जाते. तिला दोन दिवस लागतात. मधली रात्र पाकबेंग या गावी काढावी लागते. त्याच देशात डिसेंबर 2021 मध्ये नवी आगगाडी सुरू झाली आणि राजधानी व्हिएनतियानहून लुआंग प्रबांगला जाणे दोन तासांच्या आसपासचे झाले. आता नावेत बसला म्हणून कोणी साधू होत नाही, आणि गाडीत बसला म्हणून भोगी होत नाही. ज्याला घाई सोसत नाही, उठावयाचा कंटाळा आहे, म्हणून जो नावेत लोळत जातो, त्याचा संथपणा म्हणजे आळस. आणि बरोबरच्या म्हाताऱ्या बहिणीला नावेच्या बाकावर दोन दिवस बसवणार नाही म्हणून जो आपली हौस सोडून गाडीने जातो, तो गाडीतही संथच आहे. आपल्या सोयीसाठी हळू जाणे निराळे आणि दुसऱ्याच्या पायाने चालणे निराळे.

या बाबतीत चिनी यात्रेकरू फाहियान याची हकीकत मनन करण्यासारखी आहे. इ. स. 399 मध्ये तो चांगआन नगरातून निघाला, तेव्हा साठीच्या आसपास होता. भिक्षूंच्या आचाराचे नियम सांगणारे ग्रंथ त्याच्या देशात अपुरे होते, ते भरतखंडातून आणावे, हा त्याचा हेतू. एकटा निघाला नाही. बरोबर भिक्षु-मित्र होते, वाटेत आणखी मिळाले. मध्यदेशी पोहोचावयास त्यांना सहा वर्षे लागली. वाळवंट झाले, बर्फाचे घाट झाले. नगरहारात हुईचिंग नावाचा सोबती आजारी पडला, तेव्हा ताओचिंग हा दुसरा सोबती त्याची शुश्रूषा करीत मागे राहिला. एक सोबती पुरुषपूरकडे, म्हणजे आजच्या पेशावरकडे, वारला. काही तेथूनच स्वदेशी परतले. उरले ते तिघे बर्फाचा डोंगर ओलांडीत असता गार वाऱ्यात हुईचिंग कोसळला. त्याने इतरांस सांगितले की, माझे आता होत नाही, तुम्ही पुढे व्हा, सगळे येथेच मरू नका. फाहियानने त्याच्या देहावरून हात फिरवून विलाप केला, आणि मग ते दोघे कसेबसे पुढे गेले.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. ज्यासाठी ताओचिंग मागे थांबला होता, तो हुईचिंग शेवटी वाचला नाही. मग ते थांबणे फुकट गेले काय? हिशेबी मनुष्य होय म्हणेल. आम्ही म्हणतो, नाही. आजाऱ्याला परमुलुखात उशाशी आपले माणूस मिळाले, एवढ्यानेच ते थांबणे पुरे झाले. सेवेचे फळ आजारी बरा होण्यावर अवलंबून ठेवले तर सेवा हा सौदा होईल.

पुढे ताओचिंगला मध्यदेशातील भिक्षूंचा आचार इतका आवडला की तो येथेच राहिला. फाहियान ग्रंथ घेऊन एकटा सिंहलद्वीपास गेला. तेथे एका मूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला, आणि त्या वृद्ध, विरक्त भिक्षूच्या डोळ्यांना पाणी आले. देशाची आठवण झाली. कोणी मेले, कोणी मागे राहिले, आपली सावली तेवढी बरोबर उरली, हे जाणवले. वैराग्य म्हणजे हृदयाचा दगड होणे, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

पण मग सोबत कधीच सोडू नये काय? तसेही नाही. जपानचा कवी बाशो 1689 साली उत्तरेकडील प्रांतांच्या लांब प्रवासास निघाला, तेव्हा सोरा नावाचा शिष्य बरोबर होता. महिनोन् महिने दोघे बरोबर चालले. यामानाका येथे सोराचे पोट बिघडले, तेव्हा तो आपल्या आप्तांकडे पुढे निघून गेला; आणि प्रवासाच्या शेवटी ओगाकी गावी गुरूला पुन्हा येऊन भेटला. येथे कोणी कोणाला टाकले नाही. आजाऱ्याला जेथे आराम पडेल तेथे तो गेला, आणि दुसऱ्याने आपली वाट धरली. वेगळे होण्यात दोष नाही. दुसरा ओझे झाला म्हणून वेगळे होण्यात दोष आहे. हा भेद बाहेरून दिसत नाही. ज्याचा त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्या मनाला विचारावा.

आता घरच्यांचे पाहू. व्हेनिसचा मार्को पोलो सर्वांस ठाऊक आहे, पण त्याच्या बापाची गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. निकोलो पोलो आपल्या भावासह पूर्वेकडे व्यापाराला गेला आणि कित्येक वर्षांनी, 1269 मध्ये, घरी परतला. पाहतो तो बायको वारलेली, आणि मुलगा मार्को पंधरा वर्षांचा झालेला! 1271 मध्ये ते दोघे भाऊ पुन्हा निघाले, तेव्हा मार्कोला बरोबर घेतले. तिघे घरी परतले ते 1295 साली. दुसऱ्या खेपेला मुलगा मागे राहिला नाही, हे खरे. पण पहिल्या खेपेचे जे गेले ते कोणत्या रेशमाने भरून यावे?

म्हणून जो कोणी चार महिने निघतो, त्याने आधी उंबरठ्याच्या आत पाहावे. अंथरुणाला खिळलेली आई कोणाच्या गळ्यात पडली आहे? सूनबाईने हसून "जाऊन या" म्हटले ते मनापासून, की दुसरे बोलता येत नाही म्हणून? आपल्या संथपणाची किंमत घरी कोणी धावपळ करून भरीत असेल, तर तो संथपणा उसना आहे.

आणि मंडळींतल्या मंडळींतही हेच. आपल्या माणसांचा प्रवास म्हणजे चिवडा, मेतकूट, लोणचे, तांदूळ, डाळ आणि विजेची शेगडी बरोबर. हे वाईट नाही. परमुलुखात वरणभात मिळाला म्हणजे जीव शांत होतो. परंतु तो रांधतो कोण? पुरुषमंडळी खिडकीत बसून नदी पाहतात आणि "काय शांतता आहे!" म्हणतात, बायका मात्र घरच्याच चार भांड्यांपुढे, फक्त देश निराळा. नाही हो, असे चालावयाचे नाही. शांतता वाटून घेतली पाहिजे, आणि भांडीही. ज्या बिऱ्हाडात एक दिवस पुरुषांनी भात टाकला आणि बायका नदीवर फिरावयास गेल्या, तेथे प्रवास घडला असे समजावे.

जेथे आपण जातो तेथील लोकही आपले सोबतीच आहेत. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षूंची रांग निघते आणि गावकरी गुडघे टेकून त्यांच्या पात्रांत चिकट भाताचा घास घालतात. पाहुणे मात्र छायाचित्रासाठी रांगेत घुसतात, तोंडावर दिवे चमकवितात. अंतर ठेवा, अशा विनंत्या करण्याची पाळी तेथे आली आहे. आपल्या दिंडीत हरिपाठ चालू असता कोणी असा मध्ये शिरला तर आपणांस काय वाटेल? एक दिवस राहणाऱ्याला घाई असते, एवढी तरी सबब आहे. पंधरा दिवस राहणाऱ्याने पहिले दोन दिवस दुरून पाहावे, तिसऱ्या दिवशी हात जोडावे. सवड आहे तिचा हा उपयोग.

इतके ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे सोबत ही शिक्षाच झाली! सदा दुसऱ्यासाठी थांबा!" तर ऐका. कंबोडियात अंगकोर वट नावाचे विशाल मंदिर आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मा राजाने ते विष्णूसाठी बांधले. पुढे ते बौद्धांचे झाले. त्याच्या ओवऱ्यांत भिंतीच्या भिंती कोरलेल्या आहेत. पश्चिमेस कुरुक्षेत्राचे युद्ध आणि शरपंजरी पडलेले भीष्म. पूर्वेस समुद्रमंथन, वासुकीला धरून ओढणारे देव-दानव, मध्ये श्रीविष्णू. तरणी मंडळी हातातील यंत्रात माहिती वाचीत भराभर पुढे जातात. आपली एखादी आजी, जिचे गुडघे दुखतात, जिच्यासाठी दर दहा पावलांवर थांबावे लागते, ती भिंतीला टेकते, वर पाहते आणि म्हणते, "अगं बाई, हे तर भीष्म! बाण बघा अंगात." मग नातवंडे परत फिरतात आणि आजी बसल्या जागी उत्तरायणापर्यंतची कथा सांगते. आता सांगा, कोण कोणासाठी थांबले? मागे राहणारे माणूस पुष्कळदा अधिक पाहते, कारण ते भिंतीजवळ उभे असते. त्याच्यासाठी थांबणाऱ्याला ते दर्शन फुकट मिळते.

जपानच्या शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची प्रदक्षिणा आहे. सुमारे 1200 किलोमीटरची वाट. पायी जाणाऱ्यास चाळीस-पन्नास दिवस लागतात. आता बहुतेक लोक मोटारीने करतात, तरी चालणारेही आहेत. नवव्या शतकात होऊन गेलेले कोबो दाइशी प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालतात, अशी तेथील श्रद्धा. म्हणून एकट्या यात्रेकरूच्या टोपीवरही "दोघे सोबत चालत आहेत" अशा अर्थाची अक्षरे लिहिलेली असतात. हातातील काठी म्हणजेच ते सत्पुरुष. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर यात्रेकरू आधी काठीचे टोक धुतो, मग आपले पाय. वाटेवरचे गावकरी त्याला फळे, चहा, पैसा देतात, आणि त्याने तो नाकारू नये असा शिरस्ता आहे. आपल्या वारीच्या वाटेवर ज्याने भाकरी वाढली किंवा घेतली असेल, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

त्या लोकांनी काठीत सोबती पाहिला. आपल्याबरोबर तर चालती-बोलती माणसे आहेत. त्यांचे पाय आधी धुण्याइतके मन मोठे नसेल तर निदान त्यांच्या पावलांचा आवाज मागे येतो की नाही, एवढे वळून पाहावे. आळंदीहून पंढरीस जाताना दिंडी ज्या चालीने चालते ती कोणा एका तगड्या गड्याची चाल नसते. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीलाही ती झेपावी लागते. तीच चाल मेकाँगच्या काठी चालली तर त्या प्रवासाला आम्ही चैन म्हणणार नाही.

तेव्हा ज्यांना सवड आहे, ज्यांच्यामागे कोणी दुःखी राहिलेले नाही, कर्ज डोक्यावर नाही, त्यांनी खुशाल जावे. सगेसोयरे, मित्र घेऊन जावे. चार गोष्टी मात्र निघण्यापूर्वी आपसांत बोलून घ्याव्या: कोणी आजारी पडल्यास कोण थांबणार, कामे कशी वाटणार, खर्च कसा करणार, आणि भांडण झाल्यास रात्री जेवणापूर्वी ते कसे मिटविणार. इतके ठरले म्हणजे नकाशा थोडा चुकला तरी चालेल. अंगकोर राहून गेले तरी हरकत नाही; माणूस मात्र राहून जाऊ नये.

रामकृष्णहरि.