पाच रुपयांत सुटका नाही

आपल्याकडे दानाला वेळा ठरलेल्या आहेत. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर, अमावास्येला, संक्रांतीला, पितृपक्षात, घरात कुणाचं वर्षश्राद्ध असेल त्या दिवशी. त्या दिवशी हात सैल होतो, डबे भरले जातात, ब्लँकेटं वाटली जातात, वाटणाऱ्यांचे फोटोही निघतात. भुकेला मात्र तिथी कळत नाही. पितृपक्षात पुलाखाली एकाच दुपारी तीन घरची खीर-पुरी येऊन पडते, आणि घट बसले की त्याच पोरांना चहात पाव बुडवून दिवस काढावा लागतो. दान वाईट नाही. पण ज्या दानाची वेळ घेणाऱ्याच्या पोटावरून नव्हे, देणाऱ्याच्या पुण्यावरून ठरते, ते आपण नेमकं कुणासाठी करतो, हे स्वतःला एकदा विचारायला हरकत नाही.

रस्त्यावर राहणारं कुटुंब आपल्याला दिसतं ते बहुधा सिग्नलच्या नव्वद सेकंदांत. कडेवर मूल घेतलेली बाई काचेवर टकटक करते. आपण पाच रुपये काढतो किंवा मोबाइलमध्ये डोकं घालतो. दोन्ही वेळा मनात एकच इच्छा असते: हे समोरून लवकर जावं. पाच रुपयांत आपण तिची अडचण सोडवत नाही, आपली सुटका करून घेतो. मी याला करुणा म्हणायला तयार नाही.

तीच बाई पहाटे पाहा. उठल्या उठल्या ती आधी फूटपाथ झाडते. रात्रीचं प्लॅस्टिक घडी करून कठड्याला बांधते. समोरच्या सोसायटीचा वॉचमन मनात आलं तर तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरू देतो. नाही आलं तर सार्वजनिक शौचालयात पैसे मोजून आणायचं. तीन विटांची चूल पेटते, नवरा चहा घेऊन मजूर नाक्यावर जाऊन उभा राहतो, थोरली पोर धाकट्याला सांभाळते. गोधड्यांच्या गाठोड्यात एक कॅरीबॅग असते. तिच्यात आधारकार्डाची झेरॉक्स, दवाखान्याचा कागद, पोराच्या जन्माची चिठ्ठी. महापालिकेची गाडी आली की ती आधी ती कॅरीबॅग छातीशी धरते, भांडी नंतर. भांडी पुन्हा मिळतात. कागद गेला की माणूस सरकारदरबारी नाहीसा होतो. झाडलोट, चूल, लेकरं, जपून ठेवलेली कागदपत्रं, यांतलं काय तुमच्या-आमच्या संसारात नाही? तरीही आपण म्हणताना ‘भिकारी’ म्हणतो, ‘कुटुंब’ म्हणत नाही.

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. ही माणसं आळशी असतात, यांच्या टोळ्या असतात, आणि यांची गावाला घरं असतात. ज्यांना खरंच खात्री करून घ्यायची आहे, त्यांनी 1985 सालचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल वाचावा. जुलै 1981 मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवरचे रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा एक चर्मकार होता. गावात दिवसाला सात-आठ रुपये मिळत, राहतं घर पडलं, म्हणून 1969 साली तो मुंबईत आला आणि बदली कामगार झाला. महिन्याला साडेतीनशे रुपये पगार. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार घालून या माणसाने रस्त्यावरचा तुकडा मिळवला. हा आळशी? याची टोळी? गावाला घर होतं, हे खरं. ते पडलं म्हणूनच तो इथे होता.

पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माणसाचं कामच काढून घेतलं तर जीव कशावर तगणार? फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. नोटीस देऊन हटवता येईल, असं म्हटलं. पण तेही 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत नाही, म्हणजे पावसाळा सरून महिना जाईपर्यंत नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेतही पावसाची आठवण ठेवता येते, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे. आपल्या मनाला ती राहत नाही.

आळसाचा आरोप टिकला नाही की मग आपण प्रारब्धाकडे वळतो. ज्याचे त्याचे भोग, आपण काय करणार? हे वाक्य श्रद्धाळू माणसाच्या तोंडी असतं म्हणून जास्त टोचतं. कारण ज्या परंपरेने आपल्याला प्रारब्ध सांगितलं, त्याच परंपरेने नाथांची गोष्टही सांगितली आहे. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातीचं पोर रडत होतं. एकनाथांनी ते उचललं, कडेवर घेतलं आणि त्याच्या वस्तीत नेऊन आईच्या हाती दिलं. त्या पोराचं प्रारब्ध काय, हे नाथांनी पंचांगात पाहिलं नाही. स्नान, सोवळं, लोक काय म्हणतील, या सगळ्यांच्या आधी पोराचे पोळलेले पाय आले. कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण कथेचा शेवट नीट पाहा: नाथांनी त्या पोराला त्याच्या घरी पोचवलं. आज भर उन्हात डांबरावर अनवाणी उभं असलेलं पोर कुणी उचललंच, तर न्यायचं कुठे? त्याचं घर तोच रस्ता आहे. म्हणून आजच्या नाथांचं काम उचलून घेण्याने संपत नाही. पोचवायला घर उभं करणं हाही त्या भक्तीचाच भाग झाला.

देव न मानणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. दवाखाना त्यांच्या मुलाने, डॉ. यशवंत यांनी, पुण्याबाहेर उभारला होता. पोर जगलं, सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठलं आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. नाथ भागवत धर्माचे, सावित्रीबाई सत्यशोधक. दोघांच्या विचारांत तीन शतकांचं अंतर, पण हात एकाच ठिकाणी गेले. आणि सावित्रीबाईंजवळ पोराला न्यायला जागा होती, कारण ती आधीच उभी केलेली होती. ऐन वेळच्या कळवळ्यामागे अगोदरची तयारी असावी लागते.

ही तयारी सर्वांत नीट ओळखली ती गाडगेबाबांनी. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी जसं आहे, तसाच बेघराला आसराही आहे. आणि या सगळ्याला ते रोकडा धर्म म्हणत. रोकडा, म्हणजे पुढच्या जन्माच्या उधारीवर न चालणारा. या माणसाने स्वतःसाठी घर बांधलं नाही आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आज परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर जा. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली कुटुंबं कॅन्सरच्या पेशंटला मध्ये घेऊन फूटपाथवर निजलेली दिसतील. गावाकडे त्यांना घर आहे. मुंबईत उपचार संपेपर्यंत ती बेघर आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर छप्पर येतं ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेमुळे. 1956 साली गेलेल्या माणसाच्या नावावर आजही रोज अंथरुणं पडतात. हे चमत्काराने होत नाही. वर्गणी, विश्वस्त, भाडेपावत्या, साफसफाई यांनी होतं. बाबांची भक्ती अशी हिशेबाच्या वहीत उतरलेली होती.

आता आपल्या काळाची वही उघडू. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. देशभरात सुमारे 17 लाख 70 हजार माणसं, त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. अशा मोजणीतून किती निसटली असतील, हे रात्री शहरातून फिरणाऱ्याला सांगायला नको. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत बेघरांसाठी निवारे उभारायला सांगितलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियम आला: एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय, बारा महिने चोवीस तास, माणशी पन्नास चौरस फूट. या हिशेबाने 2011 च्या लोकसंख्येवर मुंबईला सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. शिवाय कुटुंबाला हवा असतो कुटुंबाचा निवारा. नवरा एका दालनात आणि बायको-मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशी सोय कुणीही आईबाप नाकारतील. मग आपण म्हणतो, सोय केली तरी हे लोक जात नाहीत.

दुसऱ्या हाताने कायदा काय करतो? 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक मागण्याच्या व्याख्येत अशा माणसालाही बसवतो, ज्याच्याजवळ उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी भटकतो आहे. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. ज्या राज्याने हा कायदा जन्माला घातला, तिथे तो अजून उभा आहे. पारध्यांसारख्या जमातींना तर ही गोष्ट जुनीच वाटेल. 1871 च्या कायद्याने त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 1952 साली तो शिक्का पुसला, आणि तरी गावात पाल ठोकलं की आजही पहिला संशय त्यांच्यावरच येतो. गावाने थारा दिला नाही म्हणून ती कुटुंबं शहराच्या पुलाखाली आली. त्यांच्या भुकेला आपण आळस म्हणतो आणि त्यांच्या फिरण्याला गुन्हा.

मग करायचं काय? सिग्नलवरच्या मुलाच्या हातात नाणं ठेवू नये, असं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुलाने आणलेल्या पैशावर घर चालू लागलं की ते मूल सिग्नलवरून हलत नाही. पण नाणं न देणं हे तत्त्व तेव्हाच ठरतं, जेव्हा त्याच्या जागी काही दिलं जातं. नुसती काच वर करणं हा कंजूषपणा आहे. ठाण्याला तीन हात नाक्यावर 2016 साली समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका यांनी पुलाखालीच सिग्नल शाळा उभी केली. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा मुलांपाशी आली. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं तिथून दहावी झाली. त्या चौकातून रोज जाणाऱ्या हजारोंनी हीच मुलं पाहिली होती. फरक पडला तो काहीजणांनी थांबून हिशेब मांडल्यामुळे.

प्रत्येकाला शाळा काढता येणार नाही. पण आपल्या कोपऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला नाव विचारता येतं, गाव विचारता येतं, कोणता कागद अडला आहे ते विचारता येतं. कायमचा पत्ता नसलेल्या माणसालाही मतदार होता येतं, हे किती जणांना ठाऊक आहे? तो जिथे निजतो तीच जागा अर्जात लिहायची. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो तिथे खरोखर झोपतो का हे पाहतो, वेगळा पुरावा लागत नाही. मताची यादी, रेशनकार्ड, पोराचा शाळाप्रवेश, दवाखान्यातली सवलत, हे एकेक काम म्हणजे फॉर्म भरून दोन-चार खेपा घालणं आहे. जिला अक्षर येत नाही आणि जिला कचेरीच्या दारातूनच हाकलतात, त्या बाईला ते डोंगराएवढं आहे. आपल्यातल्या निवृत्त कारकुनाला, बँकेतल्या बाईंना, कॉलेजातल्या पोरांना ते सहज जमण्यासारखं आहे.

आणि देवस्थानांनी, मंडळांनीही आपला ताळेबंद तपासावा. गावोगावच्या देवळांचे सभामंडप आणि मंगल कार्यालयं पावसाळ्यात रात्रभर कुलूपबंद असतात, आणि त्यांच्याच पायऱ्यांवर बाळंतीण भिजत असते. त्यातला एक हॉल चार महिने कुटुंबांसाठी उघडला तर कुठला देव विटाळेल? गणेशोत्सवातल्या एका कमानीच्या खर्चात किती कुटुंबांचे कागद पुरे होतील, हे प्रत्येक खजिनदाराने स्वतःच मोजून पाहावं. महाप्रसाद जरूर करावा. पंगतीला बसलेल्यांपैकी रात्री कुठे निजायचं हा प्रश्न किती जणांना आहे, हेही एकदा विचारावं.

काहींना वाटेल की हक्काची भाषा आली की भक्तीचा ओलावा जातो. मला उलटं वाटतं. कायदा कागदावर पडून राहतो, कारण त्याच्यामागे धावणारं माणूस नसतं. आणि दया सणापुरती उरते, कारण तिला हक्काचा आधार नसतो. ज्याचा देवावर विश्वास आहे त्याने महापालिकेला पत्र लिहावं: आमच्या वॉर्डात किती निवारे असायला हवेत, किती आहेत, कुटुंबांचा कुठे आहे? उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. सिग्नलवर दोन वेळा आपण तेवढेच देतो, आणि सुटलो असं समजतो.