घटाकाश आणि घर

आत्मा आणि देह यांचा संबंध सामान्य श्रोत्याला उमगावा म्हणून वेदान्ताने जे दृष्टान्त योजिले, त्यांत घटाकाशाचा दृष्टान्त आपल्या कीर्तनकारांच्या विशेष आवडीचा आहे. घटातले आकाश आणि घटाबाहेरचे आकाश ही दोन नव्हेत. मातीच्या उपाधीमुळे ती दोन भासतात, आणि घट फुटला की तो भास मावळतो. मुलुंडला एका देवळाच्या सभामंडपात चातुर्मासाचे निरूपण चालू असता हा दृष्टान्त ऐकून चाळीत राहणारी एक वृद्ध बाई मध्येच म्हणाली, ‘‘बुवा, घट लहान असला तर आतलं आकाश गुदमरत नाही का हो? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजणं निजतो.’’ बुवा क्षणभर थांबले. ‘‘माउली, आकाश गुदमरत नाही, माणूस गुदमरतो,’’ एवढे बोलून ते पुढच्या ओवीकडे वळले. मला मात्र त्या उत्तरापुढे जाता येईना.

आकाश निर्लेप असेल. पण ज्या जीवाला त्या आकाशाची ओळख पटावयाची, तो चार भिंतींत राहतो. म्हणून त्या भिंती कशा उभ्या कराव्यात हा प्रश्न केवळ सोयीचा नसून धर्माचा आहे, असे मी मानतो. छांदोग्योपनिषदातील ऋषीने देहाला नगर म्हटले, त्या नगरातील हृदयकमळाला लहानसे घर म्हटले, आणि त्या घरातले आकाश बाहेरच्या आकाशाएवढेच विशाल आहे असे प्रतिपादिले. परमतत्त्व सांगताना ज्यांना नगर आणि घर यांहून जवळची उपमा सापडली नाही, त्यांच्या वंशजांनी नगराचा आणि घराचा विचार कंत्राटदारांवर व सरकारी दफ्तरावर सोपवून स्वस्थ बसावे, हे विपरीत आहे.

विसाव्या शतकात हा विचार साऱ्या जगापुढे आग्रहाने मांडला तो ल कॉर्ब्युझिए या फ्रेंच वास्तुकाराने. १८८७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि १९३० साली फ्रान्सचे नागरिकत्व पत्करलेल्या या पुरुषाने १९२३ च्या आपल्या ग्रंथात घराला राहण्याचे यंत्र म्हटले. कोंदट गल्ल्यांतून माणसाची सुटका व्हावी, ऊन, हवा आणि हिरवळ प्रत्येकाच्या वाट्याला यावी, या कळकळीने त्याने उंच इमारतींच्या आणि त्यांच्याभोवतीच्या विस्तीर्ण उद्यानांच्या नगरांचे आराखडे रेखाटले. पुढे चंडीगडची आखणी आपल्या देशाने त्याच्या हाती दिली, आणि पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्याच्या पॅरिसच्या कचेरीत ही विद्या शिकले. त्याची कळकळ खरी होती. परंतु त्याच्या कल्पनेतल्या नगरात आकाश इमारतींच्या मधोमध पसरते. माणसाच्या उंबरठ्याशी येऊन बसत नाही.

उंबरठ्याशी येणाऱ्या आकाशाचा ध्यास घेतला तो चार्ल्स कोरिया यांनी. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील कोरिया १९३० साली सिकंदराबादेस जन्मले, अमेरिकेत शिकले, आणि १९५८ पासून मुंबईत व्यवसाय करू लागले. साबरमतीच्या आश्रमातील १९६३ साली खुले झालेले गांधी स्मारक संग्रहालय त्यांचे; तेथे कौलारू चौकोनी दालनांच्या मधले कित्येक चौकोन त्यांनी मुद्दाम उघडे सोडले. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नवग्रहांचे नऊ चौक आखून त्यांतला मधला त्यांनी रिता ठेवला, कारण जे सर्वांचे अधिष्ठान ते भरावयाचे नसते, असे आपल्या परंपरेतून त्यांनी उचलले होते. मात्र त्यांचा खरा सिद्धान्त गरिबाच्या घरासंबंधीचा आहे. आपल्या उष्ण देशात पावसाळ्याचे महिने वगळले तर निजणे, रांधणे, निवडणे-टिपणे, मुलांचे खेळणे आणि शेजाऱ्याशी बोलणे ही सारी कामे उघड्यावर सुखाने होतात. तेव्हा ज्याला सिमेंट-लोखंडाची दुसरी खोली परवडत नाही, त्याला अंगण हीच दुसरी खोली होय, आणि ती त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे त्याचे अर्धे घर काढून घेणे होय.

हा सिद्धान्त खाडीपलीकडे, बेलापूरला, पारसिकच्या डोंगराखाली साकार झाला. लोक ज्याला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, ती सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडको या सरकारी महामंडळासाठी बांधली. सात घरे आणि त्यांच्यामध्ये एक लहानसा चौक. असे तीन गट मिळून एक मोठा चौक. आणि अशा चौकांची साखळी ओढ्याच्या काठापर्यंत. मिळकतीत पाचपट अंतर असलेल्या कुटुंबांना जागा मात्र ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सारखीच. कोणतीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे ज्याला ऐपत आली त्याने कोणाची परवानगी न मागता आपले घर वाढवावे.

मी तेथे गेलो तेव्हा कौलारू घरे शोधू लागलो. ती थोडीच उरली आहेत. बहुतेकांनी ती पाडून दुमजली-तिमजली पक्की घरे बांधली आहेत, आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. पण एका चौकात मी बराच वेळ उभा राहिलो. एका पायरीवर सांडगे वाळत होते, दोन घरांच्या मध्ये ताणलेल्या दोरीवर धुणे होते, तुळशीपुढची रांगोळी एका मुलाच्या सायकलने नुकतीच पुसली होती, आणि त्याची आजी समोरच्या घरातल्या बाईला तिथूनच हाक मारून त्याची तक्रार सांगत होती. सातही घरे बदलली होती. चौक होता तिथेच होता. घट फुटले होते आणि आकाश राहिले होते. जो दृष्टान्त मी लहानपणापासून ऐकत आलो, तो डोळ्यांनी प्रथम पाहिला तो त्या दिवशी.

पण आकाशाखाली जमीन असते, आणि ती कोणाची तरी असते. १९६५ साली कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी बेलापूर जिच्यात मोडते त्या नव्या मुंबईची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या पिढीजात वहिवाटीवर संपादनाची नोटीस आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात पाच शेतकरी गोळीबारात मारले गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या धोरणाला वाट मिळाली. ज्या नगरात गरिबाला आकाश द्यावयाचे, त्याच्या पायाशी दुसऱ्या गरिबाचे शेत जाते, हे दुःख उत्तम आराखड्यानेही फिटत नाही. नगर वसविणाऱ्याने ते ऋण म्हणून मान्य करावे आणि आधी फेडावे, एवढेच धर्म सांगू शकतो.

आज घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुन्या चाळी व सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. आमच्याही सोसायटीची सभा झाली. चटईक्षेत्र किती, कॉर्पस किती, भाडे किती महिने, यांवर रात्री अकरापर्यंत वाद चालला आणि तो गैर नव्हता, कारण मध्यमवर्गीयाची आयुष्याची पुंजी त्यात गुंतलेली असते. परंतु ज्या मागच्या अंगणात आम्ही तीस वर्षे कोजागरीचे दूध आटवले, त्याचे नव्या नकाशात काय झाले, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. तेथे आता गाड्यांचा मनोरा येणार आहे.

ज्यांच्या दारी अजून करारनाम्याचा मसुदा यावयाचा आहे, त्यांना माझी विनंती आहे. खोलीचे क्षेत्रफळ अवश्य मोजून घ्या. पण त्याआधी नकाशावर बोट ठेवून विचारा, की ह्या इमारतीत उघडे आकाश कोठे आहे, आणि दहा बाय बाराच्या खोलीतून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तेथे येऊन बसता येईल की नाही. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.