ठेव

आमच्या मंडळीत दर रविवारी सगळे उठून विश्वासांगीकार म्हणतात. गेली चाळीस वर्षं मी तो मोठ्याने म्हणत आलो. आवाज शिक्षकाचा, पाठांतर पक्कं, बाक पुढून दुसरा. मागचे लोक माझ्या लयीवर चालतात. कुणी अडखळलं तर माझा आवाज त्याला ओढून नेतो. येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आणि आमचा प्रभू, हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही.

2025 साली नायसियाच्या परिषदेला 1700 वर्षं झाली. तरुण संघाची मुलं आली, म्हणाली, "सर, यावर तुम्ही बोला." सर एका पायावर तयार. निवृत्त शिक्षकाला श्रोते मिळणं म्हणजे काय, ते निवृत्त शिक्षकालाच ठाऊक. टिपणं काढायला बसलो, आणि त्या टिपणांनी माझीच उलटतपासणी घेतली.

परिषदेची हकिकत मुलांना सांगायला सोपी आहे. अलेक्झांड्रियात एरियस नावाचा एक पाळक होता. तो शिकवायचा की पुत्र सगळ्या सृष्टीहून थोर, सृष्टीच्या आधीचा, पण तरीही घडवलेला; तो नव्हता अशीही एक वेळ होती. माणूस भोंदू नव्हता. राहणी साधी, आणि देव एकच आहे ही गोष्ट तो जीव लावून जपत होता. भांडण इतकं पेटलं की सम्राट कॉन्स्टंटाईनने 325 साली बिशपांना नायसियाला बोलावून घेतलं. आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक ते हेच. तिथे ठरलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. ग्रीक शब्द 'होमोउसिओस'. त्यात एक अक्षर घातलं की 'होमोइउसिओस' होतो, म्हणजे सारख्या तत्त्वाचा. तत्त्व एकच की सारखं, यावर पुढे अर्धं शतक वाद चालला. अथानासिअस परिषदेला साधा डीकन म्हणून आला होता. नंतर अलेक्झांड्रियाचा बिशप झाला आणि या वादापायी पाच वेळा हद्दपार झाला. एका अक्षरासाठी एवढं? तरुणपणी मला हसू यायचं.

अथानासिअसचं म्हणणं नीट वाचलं तेव्हा हसू थांबलं. तो म्हणतो, लोक ख्रिस्ताची उपासना आधीपासून करतच आहेत. त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतात, त्याच्यापुढे गुडघे टेकतात. तो घडवलेला असेल तर ही सृष्टीतल्याच एकाची पूजा झाली. आणि जो स्वतः घडवलेला, तो दुसऱ्या घडवलेल्याला कसा तारणार? म्हणजे आधी सिद्धांत ठरला आणि मग उपासना सुरू झाली, असं घडलंच नाही. गुडघे आधी टेकले गेले, आणि त्यांना साजेसा शब्द सापडायला तीनशे वर्षं लागली.

हे गुडघे कुणाचे होते, ते शोधता शोधता मी प्लिनीच्या पत्रापाशी आलो. साधारण 112 साली प्लिनी बिथुनियाचा रोमन सुभेदार होता, आणि नायसिया हे त्याच प्रांतातलं शहर. या ख्रिस्ती लोकांचं काय करावं, असं त्याने सम्राट ट्रेजनला लिहून विचारलं. विश्वास सोडून दिलेल्या काही जणांकडून त्याला माहिती मिळाली होती. ठरलेल्या दिवशी पहाटेच्या अंधारात हे लोक जमत, ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत आळीपाळीने म्हणत, आणि शपथ घेत. शपथ बंडाची नव्हती. चोरी करणार नाही, वाटमारी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव परत मागितली तर ती नाकारणार नाही. हे खरं की खोटं, याची खातरजमा करायला प्लिनीने दोन गुलाम बायकांना पकडून त्यांचा छळ केला. मंडळीत त्या सेविका होत्या. त्यांची नावं लिहून ठेवावीत, असं सुभेदाराला वाटलं नाही.

ख्रिस्त देव आहे, हे मानण्याचा आणि शेजारणीचे पैसे परत करण्याचा संबंध त्या माणसांना एका दमात कळत होता. माझं बोट ठेवीच्या त्या ओळीवरून पुढे सरकेना, त्याला कारण होतं.

आमच्याकडे एक मावशी धुणंभांडी करायला येतात. आमच्याच मंडळीतल्या. शेवटच्या बाकावर बसतात. वाचता येत नाही, पण नारायण वामन टिळकांची भजनं एकेक पाठ. पेटी सुरू झाली की त्यांना पुस्तक लागत नाही. घरी पैसा टिकू देणारा माणूस नव्हता, म्हणून दर महिन्याला दोनशे-तीनशे रुपये माझ्या पत्नीकडे ठेवायला देत. ती वहीत मांडून ठेवायची. ती गेली, आणि वही व पैसे माझ्याकडे आले. 14,600 रुपये. त्याच वर्षी पावसाळ्याआधी आमचा स्लॅब गळायला लागला होता. गवंड्याला रोख हवी होती, कपाटात रोख होती. चोरी हा शब्द मनात क्षणभरही आला नाही. आपण कुठे पळून जाणार आहोत, पेन्शन चालू आहे, देऊन टाकू.

मावशींनी मागितले ते जूनमध्ये. नातीचा कॉलेजचा प्रवेश होता. "सर, ते बाईंकडचे पैशे जरा लागत होते." मी म्हणालो, "बघतो." जुलैत म्हणालो, "बँकेत जायला झालंच नाही हो." ऑगस्टमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही, पण ज्या आवाजात बोललो तो ओळखीचा आहे. वर्गात पोराने दुसऱ्यांदा शंका विचारली की तो गळ्यात यायचा. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. या तीन महिन्यांत जेवढे रविवार आले, त्या प्रत्येक रविवारी मी दुसऱ्या बाकावरून अंगीकार म्हटला आणि मावशी शेवटच्या बाकावरून माझ्या लयीवर म्हणत राहिल्या.

तर मग भाषणाचं काय केलं? दिलं. चांगलं झालं. एरियस, अथानासिअस, ते एक अक्षर, सगळं रंगवून सांगितलं. प्लिनीही सांगितला. पहाटेचं गीत सांगितलं, शपथ सांगितली, चोरी आणि व्यभिचारही सांगितला. ठेवीचं तेवढं गाळलं. शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मावशी मागे चहाचे पेले मांडत होत्या.

रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागली. टोचणी सुरू झाली चार-पाच दिवसांनी, आणि तीही आडवाटेने. मी एरियसला इतक्या ऐटीत खोडून काढलं होतं; पण त्याच्या हिशेबात ख्रिस्त निदान सगळ्या सृष्टीच्या वर होता. माझ्या हिशेबात तो स्लॅबच्या खाली गेला होता.

हे एकाएकी झालेलं नाही. मागे वळून पाहतो तर बरंच जुनं आहे. शाळेत मधल्या सुट्टीत एखादा सहकारी प्रेमाने म्हणायचा, "तुमचा येशू म्हणजे आमच्या संतांसारखाच की हो." मी म्हणायचो, "अगदी, अगदी." संतांचं मोल मला कमी वाटतं म्हणून हे लिहीत नाही, टिळकांसारखा माणूस तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत असे. पण टिळक पूल ओलांडून गेले आणि गेल्याचं उघड सांगितलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, नातीगोती, सगळं पणाला लागलं होतं. मी मात्र पुलावर उभा राहून दोन्हीकडे हात हलवत होतो. सहकाऱ्याचा गैरसमज होऊ नये, ही काळजी नव्हती. डब्यातली भाजी पुढेही मिळत राहावी, एवढीच होती.

आणि हाच मी मंडळीत, आपल्याच माणसांत, सिंह. कुणी बाहेरून आलेला पंथवाला ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल शंका काढू लागला की मी शास्त्रवचनांचा पाऊस पाडायचो. जिथे बोलायला काही मोजावं लागतं तिथे गप्प, आणि जिथे टाळ्या मिळतात तिथे बोलका.

शिवाय आपल्या मराठीत 'देव' हा शब्द फार उदार आहे. भल्या डॉक्टरला आपण देवमाणूस म्हणतो, वेळेवर उसने पैसे देणाऱ्याला देवासारखा धावून आलास म्हणतो. येशू देव आहे म्हटलं तर शेजारी मोकळ्या मनाने हात जोडतो. अडचण 'प्रभू' या शब्दाची आहे. प्रभू म्हणजे धनी. धन्याला कपाट उघडून दाखवावं लागतं. रोमन लोकांनाही देवांचं वावडं नव्हतं, त्यांनी तर सम्राटांनाही देव केलं होतं. पण प्लिनीने छळलेल्या त्या दोन गुलाम बायकांचा कायद्याने एक धनी असताना त्या दुसऱ्यालाच धनी म्हणत होत्या.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात, आणि ते सुखाचं नसतं. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वॉन्टेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जवळ लहानगी मुलगी मनोरमा; परका देश, परकी भाषा, राहण्या-शिकण्याची सगळी भिस्त तिथल्या सिस्टरांवर. आणि त्यांतल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, ज्यांना त्या मायेने मानत, रमाबाईंचा पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्य, कुमारीच्या पोटी जन्म, ख्रिस्ताचं देवत्व. यातलं जे पटलं नव्हतं ते पटलं असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. वाक्य चर्चने आखून दिलेलं आहे एवढ्यावर ते तोंडाने उच्चारायचं, हे त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य नव्हतं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथवर त्या भांडल्या. तो पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो 1977 साली छापला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा सिस्टरांची बाजू घेतली होती. समासात पेन्सिलने 'हट्टी' असंही लिहिलं होतं.

परवा ते पान पुन्हा उघडलं. ज्या बाईला 'होय' म्हणण्यात सगळा फायदा होता, ती 'अजून नाही' म्हणत होती. पुढे भारतात परतल्यावर, शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू करून झाल्यावर, काही वर्षांनी ख्रिस्त त्यांना आतून उमगला, आणि मग त्या 'होय'ला मर्यादा राहिली नाही. दुष्काळातल्या मुली आणून त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल आणलं. 1922 साली त्या गेल्या. बायबल छापून झालं 1924 साली, मुक्तीच्याच छापखान्यात. माझ्या विनाअट, खणखणीत, चाळीस वर्षांच्या 'होय'ने कुणाची साधी फीदेखील भरली नाही. समासातला शब्द मी खोडला. खोडरबराने पान थोडं फाटलं.

मध्यंतरी मनात आलं, अंगीकार म्हणणंच सोडावं. जे जगत नाही ते बोलू नये, हे प्रामाणिक वाटलं. पण त्यातही माझाच थाट होता: दुसऱ्या बाकावरचा आवाज एकाएकी बंद झाला की लोक वळून बघणार, पाळकसाहेब विचारपूस करायला घरी येणार, आणि मी खिन्न चेहऱ्याने चहा देणार. येशूच्या शिष्यांतल्या थोमाने तसं केलं नव्हतं. येशू मेलेल्यांतून उठला हे त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, पण म्हणून बाकीच्यांना सोडून गेला नाही. आठ दिवसांनी त्यांच्यातच बसलेला होता. आणि बोलला तेव्हा प्रभू आणि देव या दोन्ही शब्दांना त्याने 'माझा' जोडलं. मला हे 'माझा' नीट कधी म्हणताच आलेलं नाही. मी नेहमी सगळ्यांच्या वतीने म्हणत आलो.

ऑक्टोबरात मी पैसे परत केले. 14,600, वहीसकट. मावशींनी मोजले नाहीत. मी म्हणालो, "मोजून घ्या." त्या म्हणाल्या, "आसू द्या सर, तुम्ही काय कमी देणारे का?" त्या वाक्याने जे व्हायचं ते झालं, आणि उशिरा का होईना मी विचारलं, नातीच्या प्रवेशाचं काय केलंत? तेव्हा कळलं की जुलैतच त्यांनी कानातली सोन्याची फुलं गहाण टाकली होती. चार महिने समोर वावरणाऱ्या बाईचे कान मोकळे आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. परत मिळालेल्या पैशांतून त्यांनी नातीची पुढची फी भरली; फुलं तिथेच राहिली आणि व्याज चढत राहिलं.

आज रविवार. उपासनेला मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो होतो. जागा सोयीची नाही, पंखा पोचत नाही, आणि पुढे कुणी मोठ्याने म्हणणारं नसल्यामुळे अंगीकार दोनदा विस्कटला. तसाच पुरा झाला. बाहेर पडताना मावशींकडून गहाणाची पावती मागून घेतली. त्या देईनात, दोनदा मागावी लागली. पेढी उद्या दहाला उघडते. मुद्दल आणि व्याज मिळून होणारी रक्कम मी पाकिटात घालून ठेवली आहे, आणि पाकीट कपाटात ठेवलेलं नाही.