मोहिमेवर गेलेली पत्नी

पेशवाईतल्या शाहिरांनी मुलूखगिरीवर गेलेल्या शिलेदाराच्या स्त्रीचा विरह इतक्या आवडीने आळविला आहे की, युद्ध आणि प्रेम यांचा संबंध निघाला म्हणजे दूर गेलेला पुरुष आणि वाटेकडे डोळे लावून बसलेली स्त्री, याखेरीज दुसरे चित्र आपल्या मनश्चक्षूंपुढे सहसा उभेच राहत नाही. हे चित्र उलटे झाले, म्हणजे स्त्री रणभूमीवर गेली आणि पुरुष घरी राहिला, की विरहगीताऐवजी फिर्याद जन्मास येते, आणि त्या स्त्रीला प्रेम व व्यवसाय यांचा मेळ साधला नाही असा निवाडा देऊन लोक मोकळे होतात. अमेरिकन युद्धवार्ताहर मार्था गेलहॉर्न हिच्या बाबतीत हा निवाडा इतक्यांदा दिला गेला आहे की, त्या प्रकरणाचे दप्तर एकदा उघडून पाहणे अगत्याचे वाटते.

1908 साली सेंट लुई येथे, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेली ही स्त्री 1937 मध्ये माद्रिदला पोहोचली, तेव्हा स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापती फ्रँकोच्या तोफा त्या शहरावर गोळे टाकीत होत्या. सेनापतींच्या डावपेचांत तिला गती नव्हती, म्हणून ज्या गल्लीत गोळा पडला त्या गल्लीतल्या माणसांचे काय झाले हे तिने लिहिले, आणि तीच तिची आयुष्यभराची रीत झाली. कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वेशी तिची ओळख आधीची, पण प्रेम फुलले ते या तोफांच्या आवाजात. पुढे जो गुण दोष म्हणून तिच्या पदरी बांधला गेला, त्याच गुणाच्या मोहातून या प्रेमाचा आरंभ झाला असावा, असे मला वाटते. 1940 च्या नोव्हेंबरात विवाह झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली स्पेनच्या युद्धावरील आपली कादंबरी त्याने तिला अर्पण केली होती. हवानाजवळचे त्यांचे घर तिनेच शोधून, डागडुजी करून राहण्याजोगे केले होते. संसाराची तिला हौसच नव्हती, या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे.

1943 अखेर ती युरोपच्या आघाडीकडे गेली, तेव्हा तू वार्ताहर आहेस की माझी पत्नी, अशा आशयाची तार क्यूबातून तिच्या मागोमाग आली. प्रश्न एवढ्यावरच राहता, तर ते घरगुती भांडण ठरले असते. परंतु 1944 मध्ये, कोणतेही नियतकालिक ज्याचे लेखन आनंदाने स्वीकारते अशा या लेखकाने, ज्या ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकासाठी पत्नी वर्षानुवर्षे लिहीत होती, नेमकी त्याचीच प्रतिनिधीची सनद मिळविली. आघाडीवर एका पत्राचा एकच वार्ताहर, हा लष्कराचा शिरस्ता; स्त्रियांना तर तेथे मनाईच. तो विमानाने लंडनला गेला आणि ती स्फोटकांनी भरलेल्या नॉर्वेजियन मालवाहू जहाजातून.

नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळी हेमिंग्वेने ओमाहाचा किनारा होडीतून पाहिला आणि तो परतला. मार्था एका रुग्णनौकेच्या शौचकूपात दडून खाडी ओलांडून गेली आणि दुसऱ्या रात्री जखमींच्या डोल्या वाहणाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष वाळूवर उतरली. याची बक्षिसी म्हणून तिचा परवाना जप्त झाला व तिची रवानगी परिचारिकांच्या छावणीत झाली. तेथून कुंपण ओलांडून ती पसार झाली आणि विनापरवाना इटलीत जाऊन पुन्हा लिहू लागली. 1945 मध्ये घटस्फोट झाला. आता सांगावे, यात प्रेम आणि कर्तव्य यांचे द्वंद्व तिच्या अंतःकरणात कोठे होते? सरकारी हुकुमाने स्त्रीची वाट अगोदरच अरुंद केली होती; पतीने त्या वाटेत आपले पाऊल रोवले, इतकेच.

तिने याचा सूड घेतला तोही हसत. व्हर्जिनिया काउल्स या मैत्रिणीच्या साहाय्याने तिने ‘लव्ह गोज टू प्रेस’ हे प्रहसन लिहिले, ते 1946 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यात दोन वार्ताहर स्त्रिया आहेत. एकीचा पूर्वीचा नवरा तिच्या बातम्या चोरतो. दुसरीला एक इंग्रज अधिकारी आपल्या शेतावरच्या शांत संसाराचे असे काही वर्णन ऐकवितो की ती धास्तावते. गंमत अशी की, खुद्द काउल्सबाईंनी 1945 मध्ये जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या एका इंग्रज वैमानिकाशी विवाह केला आणि तो शेवटपर्यंत टिकला. मात्र युरोपातले युद्ध तोवर संपले होते, आणि बाई पुढे चरित्रे व इतिहास लिहिण्यात रमल्या.

हेमिंग्वेच्या प्रकरणात मी मार्थाची बाजू निःसंकोच घेतो. परंतु दप्तरात आणखी एक कागद आहे, आणि तिचे कैवारी तो घाईने उलटतात. 1949 मध्ये तिने इटलीतल्या एका अनाथालयातून मुलगा दत्तक घेतला, सुरुवातीला त्याच्यावर जीव लावला, आणि पुढे त्याला इतरांच्या हवाली करून ती वारंवार दूर राहिली. मायलेकरांत जे वितुष्ट आले ते दीर्घकाळ मिटले नाही. येथे कोणत्याही लष्कराचा हुकूम आड आलेला नव्हता, कोणी कोणाची सनद पळविली नव्हती. तिच्या बरोबरीच्या पुरुष वार्ताहरांना त्यांच्या मुलांविषयी कोणी असा जाब विचारीत नाही, हे खरे. तथापि त्यांना तो विचारावा, एवढेच त्यावरून सिद्ध होते, तिची सुटका होत नाही.